ऑनलाइन बोर्डगेमचं सभासदत्व पैसे भरून घ्यावं का? खरिपाचा हिशोब धरून सांगा

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. गावात हा प्रश्न काढला तर आधी बोर्डगेम (पट मांडून खेळायचा खेळ) म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. शहरातल्या मित्रांना विचारलं तर "घेऊन टाक, एका पिझ्झ्याचे तर पैसे" एवढंच उत्तर येतं. मला नीट हिशोब मांडून ठरवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. मी आणि नवरा मिळून बघतो, परवाना माझ्या बीएस्सी अॅग्रीवर आहे. शिकले अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. तिथे एका मैत्रिणीचा भाऊ बंगळुरूहून अॅग्रिकोला नावाच्या खेळाचा खोका घेऊन आला आणि आम्ही चौघं त्या खोक्याला चिकटलो ते आजतागायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उवे रोझेनबर्ग या जर्मन माणसाने केलेला, २००७ साली आलेला हा शेतीचा खेळ आहे. सुरुवातीला दोन खोल्यांचं लाकडी घर आणि दोन माणसं. एकूण चौदा फेऱ्या. चौथ्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या आणि चौदाव्या फेरीनंतर सुगी येते. सुगीला घरातल्या दर माणसामागे दोन अन्न लागतं, कमी पडलं तर भिकेचा पत्ता घ्यायचा, आणि एकेका पत्त्याचे शेवटी तीन गुण वजा. सुग्या पहिल्यांदा लांब लांब असतात, मग जवळ जवळ यायला लागतात. एक दाणा पेरला की वावरात तीन होतात, भाजीचं एक लावलं की दोन. घरात माणूस वाढवला की दर फेरीला एक काम जास्त होतं, पण खाणारं तोंडही वाढतं. जनावरांची जोडी असेल तर सुगीला पिल्लू एकच मिळतं, मग मेंढ्या दोन असोत की आठ. आमच्यातला एकजण पशुसंवर्धन खात्यात आहे, तो या नियमावर अजूनही तावातावाने बोलतो.

मी बरेच खेळ पाहिले, पण पुढच्या सुगीला घरातली माणसं काय खातील हा विचार आधी आणि बाकी सगळं नंतर, असं दुसऱ्या कुठल्या खेळाने मला करायला लावलं नाही. म्हणून तो सोडवत नाही.

आता चौघं चार ठिकाणी. एक हैदराबादला बियाण्याच्या कंपनीत, तो पशुसंवर्धनवाला मेहकरकडे, एक मैत्रीण नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनला संशोधन करते, आणि मी इथे. बोर्ड गेम अरेना या साइटवर आम्ही खेळतो. तिथे बरेच खेळ फुकट आहेत, पण अॅग्रिकोलावर सभासदत्वाची खूण आहे, म्हणजे त्याचं टेबल (साइटवरचा डाव) पैसे भरलेल्या सभासदानेच मांडायचं. आजवर वागेनिंगेनवाली टेबल मांडायची, कारण सभासदत्व तिचं होतं. आता तिचं प्रबंधाचं लिखाण सुरू झालं आणि तिने सांगून टाकलं की यंदा नूतनीकरण करत नाही, टेबल कुणी मांडलं तर येऊन बसेन.

हैदराबादवाला लगेच म्हणाला, मी घेतो. मीच त्याला थांबवलं. होस्टेलपासून खोका दुसऱ्याचा, टेबल दुसऱ्याचं, मी नेहमी बोलावलेली. यावेळी मला मांडायचं आहे. दुकानाच्या गल्ल्यातून न घेता माझ्या पैशाने.

अडचणी अशा. मृगाच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नसते. बियाण्याची रांग, मग खताची, मग बोंडअळी आणि मावा-तुडतुड्याच्या फवारण्या. वर्षाचे पैसे भरले तर यातले पाच महिने वायाच. संध्याकाळी वादळ आलं की लाइन जाते, आणि मोबाइलला धड नेटवर्क गच्चीवरच येतं. पैसे युरोत भरायचे आहेत आणि माझ्याकडचं कार्ड रुपे आहे. शिवाय घरी मामाजींचं (सासऱ्यांचं) म्हणणं, "पैसे भरून खेळते म्हणजे जुगारच." त्यांना मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आमच्याच गावात मोबाइलवरच्या रमीपायी एका पोराने बैलजोडी विकलेली त्यांनी पाहिली आहे.

तर घ्यावं का? घ्यायचं तर महिन्याचं की वर्षाचं? आणि ज्यांनी घेतलंय त्यांना खरंच उपयोग झाला का, ते सांगा.

---

सोंगटी

ताई, मी ठाण्याला असते आणि या साइटवर बरीच वर्षं खेळते. २०१० साली दोन फ्रेंच गृहस्थांनी सुरू केली होती, २०२१ मध्ये अॅस्मोदे या मोठ्या कंपनीने ती घेतली. त्यानंतर खेळांची यादी फार वाढली, आज हजाराच्या वर खेळ आहेत. पण तुमच्यासाठी हा हजाराचा आकडा बिनकामाचा आहे. तुम्ही एकाच खेळासाठी पैसे भरणार आहात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. उलट जे "एवढे खेळ मिळतात" म्हणून घेतात ते पंधरा दिवसांत पुन्हा आपल्या जुन्याच खेळाकडे येतात.

तुम्हाला ठाऊक असेलच, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते: टेबलावरच्या चौघांपैकी एकानेच पैसे भरलेले असले तरी चालतं. बाकीचे फुकट खात्यावरून त्याच्या टेबलाला बसतात आणि पूर्ण खेळ खेळतात. त्यामुळे चौघांनी चार सभासदत्वं घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

वर्षाचं की महिन्याचं, याला माझं साधं गणित आहे. वर्षाच्या दराला महिन्याच्या दराने भागा. येणारा आकडा तुमच्या खेळायच्या महिन्यांपेक्षा मोठा असेल तर महिन्याचं घ्या. दर अधूनमधून बदलतात, म्हणून घ्यायच्या दिवशी पानावर दिसणारा आकडाच धरा. आणि घेतल्या घेतल्या आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा, नाहीतर नेमकं बियाण्याच्या रांगेत असताना पैसे कापले जातील.

लाइन जाण्याबद्दल. तुम्ही सगळे एकाच वेळी बसून खेळता की सवडीने एकेक चाल करत? दुसरा प्रकार वापरत नसाल तर तुमच्यासाठी तोच आहे. आपली पाळी आली की ईमेल येतो, सवड मिळेल तेव्हा चाल करायची. टेबल मांडताना वेळेची मर्यादा ठरवता येते, रोज एक चाल किंवा दोन चाली असं. ओळखीच्या लोकांत खेळत असाल तर "मर्यादा नाही" हेच निवडा. अनोळखी लोकांत वेळ संपली तर समोरचा तुम्हाला टेबलावरून काढू शकतो, आणि खेळ अर्धवट सोडला की खात्याची पत घसरते. लाइन गेली होती हे त्या साइटला कळत नाही.

मी स्वतः वर्षाचं घेते, कारण आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर कुणीतरी खेळतंच. तुमचं तसं नाही.

---

धुऱ्यावरून

ताई, राग नोको मानू, पन मले हे पटत नाई. मी खामगावकडचा. महिना संपला का खेळ बी संपला, मंग हातात काय राह्यते? त्या पैशात भर टाकून डबाच इकत घे नं. घरचे पोट्टे खेळतीन, शेजारचे येतीन, लाइन गेली त कंदील लावून खेळता येते. आमची आजी पटावर कवड्या टाकून सारीपाट खेळे, त्या पटाले कधी महिन्याचं भाडं नाई लागलं. तुह्या मामाजीले बी सोबत घेऊन बसता येईन. परदेशातल्या कंपनीले दर महिन्याले पैसे काहून द्यायचे?

---

पऱ्हाटी

@धुऱ्यावरून, भाऊ, राग कशाला. तुमचं म्हणणं खोटं नाही आणि घरातल्यांसाठी खोका घ्यायचा विचार माझ्याही डोक्यात आहे. पण तो माझ्या या प्रश्नाचं उत्तर होत नाही. खोका दारव्ह्याला राहील आणि तीन खेळाडू हैदराबाद, मेहकर आणि वागेनिंगेनला. कंदील लावून मी एकटीच बसेन. मी जे भाडं देणार आहे ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं नाही, चौघांनी एका टेबलाला बसायच्या जागेचं आहे.

@सोंगटी ताई, सवडीने चाल करायचा प्रकार आम्ही आजवर वापरला नाही, कारण सगळ्यांना गप्पा हव्या असतात. शनिवारी रात्री एकीकडे व्हॉट्सअॅपवर चौघांचा कॉल आणि दुसरीकडे टेबल, असं चालतं. पण तुम्ही म्हणता तसं आठवडाभर एक सवडीचं टेबल चालू ठेवता येईल. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतंच. सोबत आवाज आणि व्हिडिओची सोय सभासदांना मिळते म्हणे, पण आमचा कॉल फुकटातच होतो, तेव्हा त्यासाठी मी पैसे धरत नाही.

---

रोकडखाते

मी वर्ध्याचा, बँकेतून निवृत्त झालो. खेळातलं मला काही समजत नाही, पैशाच्या बाजूचं सांगतो.

आधी कार्ड. परदेशी साइटवर रुपे अनेक ठिकाणी घेत नाहीत. तुमच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड मागून घ्या, अर्ज केला की मिळतं. पण ते हातात आल्यावर थेट चालणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशिनवर चालू असतं. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार तुम्हाला स्वतः सुरू करावे लागतात. बँकेच्या अॅपमध्ये त्याचं बटण असतं आणि मर्यादाही घालता येते. मर्यादा लागेल तेवढीच ठेवा आणि पैसे भरून झाले की आंतरराष्ट्रीय व्यवहार पुन्हा बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे, आळस करू नका. कार्डाचे तपशील चोरीला गेल्याच्या किती तक्रारी मी ऐकल्यात, त्यातल्या बहुतेक वेळी हे बटण विनाकारण चालू ठेवलेलं होतं.

मग खर्च. युरोचा भाव एक आणि तुमच्या खात्यातून जाणारे रुपये वेगळे. बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर वरकड लावतात, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या वरकडीवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर हजार रुपयांमागे ३५ रुपये वरकड आणि त्यावर ६ रुपये ३० पैसे कर, म्हणजे ४१ रुपये ३० पैसे जास्तीचे. शिवाय परदेशातून दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन सेवेवर भारतातल्या ग्राहकाला वेगळा १८ टक्के जीएसटी लागतो. काही साइट तो पहिल्यापासून किमतीत धरतात, काही शेवटच्या पानावर जोडतात. म्हणून शेवटचं पान पाहिल्याशिवाय गणित पक्कं समजू नका.

दर महिन्याला आपोआप पैसे जाण्याबद्दल. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा वसुलीसाठी एकदा ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते, आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँक संदेश पाठवते. पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला पुढे दर वेळी ओटीपी लागत नाही. पण बऱ्याच परदेशी साइट या व्यवस्थेत नाहीत, आणि मग दुसऱ्या महिन्याचे पैसे जात नाहीत. तुमच्या बाबतीत हे बरंच आहे. दर महिन्याला स्वतः भरायचं, नको तेव्हा थांबायचं.

तुमच्या सासऱ्यांबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे, त्यांना गप्प करू नका, कायदा दाखवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे सगळे खेळ त्याने बंद केले, त्यात कौशल्य आहे की नशीब हा भेदही ठेवला नाही. रमी त्यातच गेली. त्याच कायद्यात ऑनलाइन सामाजिक खेळ असा वेगळा प्रकार आहे. त्यात प्रवेशासाठी किंवा सभासदत्वासाठी फी घ्यायला मुभा आहे, अट एवढीच की ती फी पणाला लावलेली नसावी आणि जिंकून पैसे मिळायचे नसावेत. तुमच्या खेळात जिंकणाऱ्याला काय मिळतं?

---

पऱ्हाटी

@रोकडखाते, काका, फार उपकार झाले. जिंकणाऱ्याला काहीही मिळत नाही. आमच्यात हरणाऱ्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांना कॉल लावायचा एवढीच रीत आहे.

---

गाविलगड

मी परतवाड्याचा. मी बोर्डगेमपेक्षा भूमिका घेऊन खेळायचे खेळ चालवतो, डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला. आमचा गट अचलपूर, अमरावती आणि नागपूरचा, खेळाची भाषा निम्मी मराठी निम्मी वऱ्हाडी. कथा गाविलगडावर मांडली आहे: मेळघाटातून वर चढायचं, शार्दूल दरवाजातून आत शिरायचं, आणि पुढे तळ्याकाठी काय आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण माझे खेळाडू हे वाचतात.

पैशाबद्दल माझं मत सोंगटी ताईंपेक्षा वेगळं आहे. आधी फुकटात किती होतं ते पुरतं वापरून बघा. आमच्या खेळाचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावेत, छापावेत, मराठीत करावेत, फक्त श्रेय द्यावं. फासे टाकायला आणि नकाशा दाखवायला रोलट्वेंटी ही साइट आहे, २०१२ पासूनची. तिचं फुकट खातं आम्हाला पुरतं. ज्यासाठी लोक पैसे भरत आले अशी ठळक सोय म्हणजे प्रकाशाचा खेळ: ज्याच्या हातात मशाल आहे त्याला तेवढंच दिसतं, बाकी नकाशा काळा. दिसायला फार सुंदर. पण मी तोंडाने सांगतो, "उजेड दहा पावलांपर्यंत आहे, त्यापुढे काहीतरी हललं." माझे लोक तेवढ्यावर घाबरतात.

एकदाच पैसे भरायचे म्हणून फाउंड्री नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०२० मध्ये आलं, ५० डॉलर. खेळ चालवणाऱ्या एकट्याने घेतलं की बाकीचे ब्राउझरमधून येतात. कागदावर हे सगळ्यात स्वस्त दिसतं. पण आपल्याकडे गोम अशी की ते तुमच्याच संगणकावर चालतं आणि मित्रांना बाहेरून तुमच्या संगणकापर्यंत पोचावं लागतं. मोबाइलच्या इंटरनेटवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवलेले असतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडतच नाही. मग भाड्याचा सर्व्हर घ्या, म्हणजे पुन्हा महिन्याचे पैसे आलेच. ज्याच्याकडे फायबर आहे आणि स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो त्याने खुशाल घ्यावं. गच्चीवरच्या नेटवर्कवर नको.

संगणकावर पट मांडून देणारं टेबलटॉप सिम्युलेटर हा आणखी एक मार्ग. २०१५ चा, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळतो, किंमत रुपयांत आणि यूपीआयने भरता येते, म्हणजे रोकडखाते काकांनी सांगितलेली कार्डाची भानगड नाही. पण प्रत्येकाला आपापली प्रत घ्यावी लागते, बरा संगणक लागतो, आणि नियम तो पाळून घेत नाही. मेंढीचं पिल्लू एकच दिलं की दोन, हे तुम्हालाच बघावं लागेल. तुमच्या त्या पशुसंवर्धनवाल्या मित्राला हे आवडेल कदाचित, पण मला विचाराल तर सुगीचा हिशोब साइटने आपोआप करावा यातच तुमचा निम्मा वेळ वाचतो.

तेव्हा फुकटवाला असूनही मी म्हणतो की तुमच्या बाबतीत भरा. मला जे फुकट मिळतं ते तुमच्या खेळाला फुकट मिळत नाही, एवढाच फरक आहे.

---

धुऱ्यावरून

पऱ्हाटी ताई, जागेचं भाडं म्हनलं ते समजलं मले. माहा भाऊ सुरतले असते, त्याच्यासंगं फोनवर बोलाचं म्हनलं त दोन मिनिटात इषय संपते. खेळ असला त तासभर बसन माणूस. पन मंग मह्या प्रश्नाचं सांग: एकदम अडाणी मानसाले जमीन असा फुकटचा कोनता खेळ हाय का त्याच्यावर?

---

सोंगटी

@धुऱ्यावरून, दादा, नक्की आहे. बुद्धिबळापासून सुरू करा, नियम आधीच माहीत असतात. नुसतं बुद्धिबळच खेळायचं असेल तर लिचेस नावाची साइट संपूर्ण फुकट आहे, जाहिरातीसुद्धा नाहीत, देणग्यांवर चालते. तिथेही दिवसाला एक चाल अशा डावाची सोय आहे. भावाला दुवा पाठवा, दोघांच्या मोबाइलवर उघडेल, काही उतरवून घ्यावं लागत नाही. अॅग्रिकोला मात्र पहिला खेळ म्हणून सुचवणार नाही. त्यात पत्ते बरेच आहेत आणि पहिल्या डावात माणूस हमखास उपाशी राहतो.

---

पऱ्हाटी

सगळ्यांचं वाचून ठरवलं, म्हणून कळवायला आले.

सध्या फेब्रुवारी चालू आहे. मे संपेपर्यंत माझ्या हाताशी चार महिने आहेत. सोंगटी ताईंनी सांगितलेला भागाकार केला, आलेला आकडा चारपेक्षा मोठा. तेव्हा महिन्याचं, तेही दर महिन्याला हाताने भरून. मृगाच्या तोंडावर थांबायचं आणि दिवाळीनंतर, कापूस घरात आला की पुन्हा बघायचं. मधल्या महिन्यांत हैदराबादवाल्याला खेळायचंच असेल तर त्याने टेबल मांडावं. मी सवडीच्या डावात बसेन, जमेल तेव्हा चाल करेन. हे त्याला सांगितलं, त्याला मान्य आहे. वागेनिंगेनवाली म्हणाली, तिच्या युरोच्या कार्डाने भरते, वरकड वाचेल, मी तिच्या आईला अकोल्यात रुपये द्यावेत. हिशोबाने तेच स्वस्त आहे, हे मलाही दिसतं. तरी मी नाही म्हटलं. हजारामागे ४१ रुपये जास्त जातील तर जावोत. या टेबलावर माझं नाव माझ्या कार्डाने यावं असं मला वाटतं, आणि मला ते ४१ रुपयांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

मामाजींशी बोलले. काकांनी सांगितलं तसं आधी कायद्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा चेहरा बदलला नाही. मग मोबाइलवर आमचा जुना डाव उघडून दाखवला, कारण संपलेला डाव पहिल्यापासून एकेक चाल करत पाहता येतो. नांगरलेली वावरं, कुंपण, मेंढ्या, सगळं नीट पाहिलं. त्यांनी विचारलं, "कोरडवाहू का ओलिताचं?" मी म्हटलं, यात तसं काही नाही, पेरलं की येतंच. तेव्हा म्हणाले, "मग पाऊस कुठे आहे यात?" खरंच नाही. इतकी वर्षं खेळून, बीएस्सी अॅग्री होऊन, आमच्या चौघांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. शनिवारच्या कॉलवर मी हे सांगितलं आणि त्यावरच अर्धा तास गेला. मेहकरवाला म्हणतो, आपण घरचा नियम करू, चौथ्या सुगीला फासा टाकायचा आणि एक आलं तर सगळ्यांचं धान्य निम्मं. साइटवर तसं करता येणार नाही, म्हणून फासा कॉलवर टाकायचा आणि जास्तीचं धान्य प्रत्येकाने न वापरता तसंच ठेवायचं, असं चाललंय. मामाजींची परवानगी मागितली नव्हती आणि त्यांनी ती दिली असंही नाही, पण पुन्हा जुगार म्हणाले नाहीत.

व्हिसा कार्डासाठी बँकेत अर्ज दिला आहे. ते आलं की आंतरराष्ट्रीय बटण चालू, पैसे भरले की बंद. नूतनीकरण पहिल्याच दिवशी काढून टाकणार. शनिवारचा डाव घड्याळ लावून, पण सैल वेळ ठेवून, आणि आठवडाभराचा दुसरा डाव बिनमर्यादेचा.

@गाविलगड, भाऊ, एक विचारायचं राहिलं. ते मूळ नियम मराठीत करायला मुभा आहे म्हणालात. तुम्ही केलेत का कुठवर? आमच्या दुकानात सुट्टीत दोन भाचे येतात, मोठी सातवीत आहे. त्यांना इंग्रजीत वाचायला जड जातं, पण गाविलगड त्यांनी सहलीला जाऊन पाहिलेला आहे. सोपं असं दोन-चार पानांचं काही असेल तर इथे टाका, मी दुकानाच्या प्रिंटरवर छापून घेते.

---

गाविलगड

केले आहेत. पात्र कसं तयार करायचं आणि लढाई कशी चालते, एवढंच झालंय, मंत्रांचा भाग बाकी आहे. सातवीच्या मुलीला पुरेल. रविवारी नीट टंकून इथेच टाकतो, श्रेयाच्या ओळीसकट, ती छापताना काढू नका. फासे नसतील तर एक ते वीस आकडे लिहून कागदाच्या वीस चिठ्ठ्या करून डब्यात टाकायला सांगा.